बागेतली पायवाट आणि मांडवाचे खांब: घरी काँक्रीट कालवताना पाणी मोजूनच का घालायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बावधनला बंगल्यामागच्या बागेत ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद पायवाट करायची आहे. जाईच्या वेलीसाठी लोखंडी मांडव उभा करायचा आहे, त्याच्या चार खांबांचे पाये भरायचे आहेत. गवंड्याने माप सांगितलंय, ‘एका पोत्याला सहा घमेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि बारा घमेली खडी’. हे बरोबर आहे का, सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) घ्यावं की पीपीसी (राखेसारखा पोझोलाना मिसळलेलं), पाणी किती घालायचं, आणि काम मे महिन्यात उरकावं की पावसाळ्यानंतर करावं?

गवंड्याचं माप चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. त्यात पाण्याचा आकडाच नाही, आणि काँक्रीट किती मजबूत होणार हे सगळ्यात जास्त त्या आकड्यावर ठरतं. काँक्रीट सुकून घट्ट होत नाही. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होतं. ५० किलोच्या पोत्याला या संयोगासाठी १२ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. वरचं पाणी आपण घालतो ते माल हलवता यावा, साच्यात नीट बसावा म्हणून. हे जादा पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. पोत्यामागे ५ लिटर पाणी जास्त गेलं तर साधारण पाचवा हिस्सा ताकद गेली असं धरा. वर एक पोतं सिमेंट जास्त टाकून ती पूर्ण भरून निघत नाही, उलट आकुंचन वाढून भेगा मात्र वाढतात.

तुमच्या कामाला सिमेंट, वाळू आणि खडीचं १:१.५:३ हे प्रमाण घ्या, म्हणजे एम २० (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट). नुसत्या पायवाटेला १:२:४ सुद्धा चालतं. पण एकूण कामात दीडेक पोत्याचाच फरक पडतो आणि पायवाट उघड्यावर पावसात राहणार आहे, तेव्हा इथे बचत करू नये. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, एम २० ला पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलंय. ती कमाल मर्यादा आहे. आपलं लक्ष्य २५ ते २६ लिटरचं ठेवायचं, आणि त्यात वाळूत आधीपासून असलेलं पाणीही धरायचं.

घमेल्याचं माप

मधल्या आकाराचं घमेलं काठोकाठ, सपाट भरलं तर त्यात साधारण १० लिटर माल बसतो. सिमेंटचं एक पोतं म्हणजे ३५ लिटर. सहा घमेली क्रश म्हणजे ६० लिटर आणि बारा घमेली खडी म्हणजे १२० लिटर, म्हणजे प्रमाण झालं सुमारे १:१.७:३.४. हे ठीक आहे. पण प्रत्यक्षात घमेलं सपाट कोणी भरत नाही. शीग लावून भरलं की त्यात १३-१४ लिटर जातात आणि तेच माप १:२.४:४.८ च्या घरात पोचतं. सकाळी पहिली खेप एका प्रमाणाची आणि दुपारी बिगारी बदलला की दुसऱ्या प्रमाणाची, असं होतं ते यामुळेच.

यावर सोपा उपाय म्हणजे रंगाची २० लिटरची रिकामी बादली. लिटरच्या मापाने साडेसतरा लिटर पाणी तीत ओता आणि त्या पातळीवर आतून-बाहेरून मार्करने रेघ मारा. ही रेघ म्हणजे अर्धं पोतं. मग अर्ध्या पोत्याच्या खेपेला रेघेपर्यंत सपाट भरलेल्या दीड बादल्या क्रश सँड आणि तीन बादल्या खडी. सिमेंट मात्र बादलीने मोजू नका. ओतताना ते फुगतं आणि बादलीत प्रत्यक्षात कमी येतं. पोतं बरोबर निम्मं करा किंवा घरातल्या वजनकाट्यावर २५ किलो तोला. पाण्यासाठी वेगळी बादली ठेवा आणि तिच्यावर लिटरच्या खुणा करा.

आता एकूण साहित्य. पायवाट ४ इंच जाडीची धरली तर ३० × ३ फुटांना ३० घनफूट. एक फूट बाय एक फूट, दीड फूट खोल असे चार पाये म्हणजे ६ घनफूट. सांडलवंड आणि खालची जमीन कुठे खोल-उथळ असणं धरून ४० घनफूट माल तयार ठेवावा लागेल. १:१.५:३ मध्ये एका पोत्यात साधारण ४.४ घनफूट काँक्रीट होतं, म्हणून ९ पोती सिमेंट. क्रश सँड १७ घनफूट आणि खडी ३४ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे डंपर मागवण्याएवढं हे काम नाही. बांधकाम साहित्याच्या दुकानातून टेम्पोने आणा किंवा गोण्यांत भरून घ्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात पोत्याएवढाच माल बसतो, त्या हिशोबाने क्रशच्या १४ आणि खडीच्या २७ गोण्या. तयार काँक्रीटचा ट्रक एवढ्याशा कामाला परवडत नाही, शिवाय तो मागच्या बागेपर्यंत पोचतही नाही.

क्रश सँडचा स्वभाव

पुण्यात आता नदीची वाळू जवळपास मिळत नाही. मोशी, वाघोलीकडच्या खाणींतला काळा पाषाण फोडून केलेली क्रश सँडच सगळीकडे वापरतात. चांगली क्रश सँड काँक्रीटला उत्तम आहे. पण नदीच्या वाळूचे कण गोलसर असतात, ते एकमेकांवरून घरंगळतात. क्रशचे कण कोनेदार असतात, ते एकमेकांत अडकतात. म्हणून तेवढ्याच पाण्यात क्रशचा माल फावड्याला जड लागतो, आखडल्यासारखा वाटतो. इथेच बिगारी पाइप उचलतो आणि माल सैल होईपर्यंत पाणी सोडतो. घरगुती काँक्रीट बिघडण्याचं पुण्यातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

माल आखडला तर आधी कालवणं पुरेसं झालंय का ते बघा. चार वेळा जास्त पलटला की माल आपोआप मऊ होतो. तरीही जड वाटला तर खडीत १० एमएमचा वाटा वाढवा. तीन बादल्या खडीत दोन बादल्या २० एमएम आणि एक बादली १० एमएम हे प्रमाण हाताने भरायच्या कामाला चांगलं बसतं. नुसती २० एमएम वापरली तर कडेला दगड उघडे पडतात. एवढं करूनही जमलं नाही तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) मिळतो, तो डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच आणि पाण्यात मिसळून घाला. ‘वॉटरप्रूफिंग’ म्हणून विकली जाणारी बाटली बागेच्या पायवाटेला लागत नाही.

क्रश घेताना ‘काँक्रीटची क्रश’ असं स्पष्ट सांगा. प्लास्टरची क्रश फार बारीक असते. कच किंवा डस्ट हा तर खडी फोडताना उरलेला चुरा, त्यात पूड आणि चपटे कपचे भरलेले असतात. तो स्वस्त मिळतो म्हणून कोणी सुचवला तर नको म्हणा. मूठभर क्रश हातात घेऊन बोटांनी चोळा. कण टोचले पाहिजेत, लहान-मोठे मिसळलेले असले पाहिजेत, आणि हात झटकल्यावर तळव्यावर पिठासारखा जाड थर राहता कामा नये. खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत क्रश भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि तीनेक तास ठेवा. जड कण खाली बसतात, पूड वर थर धरते. मानकात क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालची पूड वजनाने १५ टक्क्यांपर्यंत चालते. बरणीत पूड फुगलेली दिसते, म्हणून तिचा थर एकूण वाळूच्या पाचव्या हिश्श्याहून जाड दिसला तरच माल परत करा किंवा धुतलेली क्रश मागा.

खडीवरच्या धुळीकडे कोणी लक्ष देत नाही, पण ती सिमेंट आणि दगड यांच्यामध्ये पातळ पडद्यासारखी बसते आणि दोघांना चिकटू देत नाही. आदल्या संध्याकाळी खडीच्या ढिगावर पाइपने भरपूर पाणी मारा, धूळ खाली वाहून जाऊ द्या. सकाळपर्यंत वरचं पाणी निथळतं, दगड ओलसर राहतो, आणि उन्हाने तापलेला कोरडा दगड तुमच्या मोजलेल्या पाण्यातलं पाणी पिऊन टाकत नाही. क्रशवरही हलकं पाणी मारून ताडपत्री झाका.

ओल्या क्रशचा हिशोब असा. अर्ध्या पोत्याच्या खेपेत साधारण ४० किलो क्रश जाते. ती हाताला ओली लागत असेल, मुठीत दाबल्यावर गोळा टिकत असेल, तर त्यात ५ टक्क्यांच्या आसपास पाणी आहे असं समजा, म्हणजे २ लिटर. मग साडेबारा लिटरऐवजी साडेदहा लिटरच घाला. आणखी एक, ओली वाळू फुगते. तेवढीच वाळू जास्त जागा व्यापते, बारीक वाळूत हा फुगवटा २०-२५ टक्क्यांपर्यंतही जातो. म्हणून ओल्या क्रशची दीड बादली मोजताना वर आणखी दोन-तीन लिटर क्रश टाका.

सिमेंट

पीपीसी घ्या. घरगुती कामाला दुकानात तेच सहज मिळतं. ते सावकाश ताकद धरतं पण उष्णता कमी सोडतं, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात सोयीचं. फक्त त्यावर पाणी जास्त दिवस मारावं लागतं. दुसऱ्या दिवशीच कुणी चालणार असेल, मांडव आठवड्यात उभा करायचाच असेल, तर ५३ ग्रेड ओपीसी. पोत्यावर कोणत्या वर्षाचा कितवा आठवडा ते छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनं पोतं नको. हात आत घातला की गार लागलं पाहिजे आणि बोटांनी न फुटणारे खडे नसले पाहिजेत. पावसाळ्यात आणलेली पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवा.

पाणी पिण्यायोग्य असलं की झालं. नळाचं, टँकरचं, बोअरचं, कोणतंही चालेल. जड बोअरच्या पाण्याने पृष्ठभागावर पांढरे डाग उमटतात, एवढंच. टाकीच्या तळचं गाळाचं पाणी मात्र वापरू नका.

खालची जमीन

डोंगरउताराच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि काम सोपं होतं. पण बिल्डरने बागेसाठी वर काळी माती आणून पसरलेली असते, ती किती खोल आहे हे आधी दोन-तीन ठिकाणी पहारीने बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि वरचं काँक्रीट कितीही चांगलं असलं तरी तिच्याबरोबर उचलतं आणि बसतं. काळी माती असेल तर फूटभर काढून टाका आणि तिथे ८ इंच मुरूम दोन थरांत भरा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करा. टाचेने जोरात दाबल्यावर खड्डा उमटला नाही की थर बसला. खाली मुरूमच असेल तर वरची माती आणि मुळं काढून ३-४ इंच मुरमाचा थर पुरे. मुरूम भुसभुशीत, दाणेदार घ्या. चिकणमातीसारखा हाताला चिकटणारा नको.

साच्याला ४ इंच उंचीच्या सरळ फळ्या किंवा चौकोनी पाइप लावा, बाहेरून दर दोन-तीन फुटांवर खुंट्या ठोका, आतून जुनं तेल पुसा. पायवाटेला एका बाजूने उतार द्या. ३ फूट रुंदीला पाऊण इंच उतार पुरतो. पाणी घराच्या जोत्याकडे न जाता वाफ्याकडे गेलं पाहिजे. जोत्याला किंवा चेंबरला जिथे काँक्रीट टेकतं तिथे अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी घाला. नाहीतर पायवाट तिथेच तडकते.

लोखंडी जाळीची गरज नाही. जाळी भेग थांबवत नाही, पडलेली भेग रुंद होऊ देत नाही, इतकंच तिचं काम. माणसांच्या वर्दळीला चांगला पाया आणि वेळेवर दिलेले सांधे पुरतात. गाडी जाणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ६ इंच जाडी आणि सळई दोन्ही लागतात.

आणि हेच काम कोणी गच्चीवरच्या बागेत करायच्या विचारात असेल तर करू नये. ४ इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला २४० किलोच्या घरात जातं. वापरात असलेल्या गच्चीवर वर्दळीसाठी धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. कुंड्या आणि माती त्यावर वेगळीच. गच्चीवरचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच घ्यावा.

कालवणं

मातीवर कालवू नका. पत्रा अंथरा किंवा पार्किंगच्या फरशीवर जाड प्लॅस्टिक टाका. हाताने कालवताना एका वेळी अर्धंच पोतं. पूर्ण पोत्याचा ढीग खालपर्यंत पलटला जात नाही आणि मध्ये कोरडं सिमेंट राहतं. हाताने कालवलेल्या मालात सिमेंट दहा टक्के जास्त घालण्याची जुनी पद्धत आहे ती याच कारणाने, आणि ती पाळावी. अर्ध्या पोत्याला अडीच किलो, आणि तेवढ्यासाठी पाणी सव्वा लिटर जास्त.

आधी क्रश पसरा, त्यावर सिमेंट, आणि दोघं कोरडेच तीन वेळा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पलटा. रंग सगळीकडे एकसारखा राखाडी झाला, कुठे काळा पट्टा किंवा हिरवट सिमेंटचा ठिपका दिसेनासा झाला, की मग खडी घाला आणि पुन्हा दोनदा पलटा. आता मधोमध आळं करा, मोजलेल्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश त्यात ओता आणि कडेचा माल आत ढकलत जा. आळ्याची भिंत फुटून पाणी बाहेर वाहू देऊ नका. ते वाहतं तेव्हा सोबत सिमेंट घेऊन जातं. उरलेलं पाणी झारीने, पलटता पलटता शिंपडा. शेवटचा लिटरभर सगळा संपवलाच पाहिजे असं नाही.

माल बरोबर झाला का ते थापीने बघा. ढिगाचा माथा थापीच्या पाठीने दोनदा दाबून ओढा. पृष्ठभाग बंद होऊन चिकट, ओलसर चकाकी आली, खडी सिमेंटमध्ये बुडाली, तर माल बरोबर. मग थापीच्या टोकाने बोटभर खोल चर ओढा. चराच्या भिंती उभ्या राहिल्या पाहिजेत आणि तळाशी पाणी जमता कामा नये. भिंती लगेच कोसळल्या आणि पाणी झिरपलं तर पाणी जास्त झालं. तेव्हा नुसतं कोरडं सिमेंट टाकून सावरू नका. क्रश, खडी आणि सिमेंट याच प्रमाणात थोडं-थोडं घालून पुन्हा कालवा. चराच्या कडा भुगा होऊन तुटल्या तर पाणी कमी आहे किंवा कालवणं अपुरं आहे, आधी दोनदा पलटून बघा.

४० घनफूट म्हणजे अशा अठरा खेपा आणि एकूण पावणेतीन टनांच्या आसपास वजन. दोन माणसांना एका दिवसात हे झेपत नाही, आणि दमलेला माणूस हमखास पाणी वाढवतो. एक पोत्याचा मिक्सर दिवसभरासाठी भाड्याने मिळतो, तो आणा. ड्रममध्ये आधी थोडं पाणी, मग खडी, क्रश, सिमेंट आणि शेवटी उरलेलं पाणी घाला, आणि सगळं आत गेल्यावर किमान दोन मिनिटं फिरवा. पहिल्या खेपेत ड्रमला बराच गिलावा चिकटून राहतो, तिच्यात सिमेंट आणि क्रश थोडी जास्त घाला. मिक्सर नको असेल तर काम दोन दिवसांत वाटून घ्या आणि पायवाट एकाआड एक चौकोनात भरा. ३ × ३ फुटांचे दहा चौकोन करा, पहिल्या दिवशी पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा, आणि दुसऱ्या दिवशी मधले. दोन दिवसांच्या कामामधला सांधाच मग आकुंचनाचा सांधा होतो आणि वेगळा कापावा लागत नाही. एका चौकोनाला ३ घनफूट माल लागतो, म्हणजे तीन खेपांत दोन चौकोन होतात.

भरणं

ओतण्याआधी मुरमावर पाणी शिंपडा. तो ओला हवा, पण वर डबकं नको. माल कालवल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात जागेवर गेला पाहिजे. आखडायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणं हा बांधकामावर रोज दिसणारा प्रकार आहे. तसा माल वरून ठीक दिसतो पण आतून कधीच नीट धरत नाही. तो टाकून द्या.

फावड्याने साच्याच्या कडेला वर-खाली कोचा, बाहेरून फळीवर हातोडीने हलके ठोके द्या. मग ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही फळ्यांवर टेकवून करवतीसारखी सरकवत लेव्हल करा आणि लाकडी रंध्याने एकदा घासा. थोड्या वेळात वर पाणी सुटतं. ते उडून जाईपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार जणांना जमत नाही. त्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून लोखंडी थापीने गुळगुळीत करण्याची सवय आहे, दिसायला तेव्हा छान दिसतं. पण तो वरचा पातळ थर खालच्या काँक्रीटपासून वेगळा असतो. पहिल्या उन्हाळ्यात त्यावर जाळीदार केसासारख्या भेगा येतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. बागेतली पायवाट गुळगुळीत असूही नये, पावसाळ्यात शेवाळ धरलं की तिच्यावरून पाय निसटतो. पाण्याची चकाकी गेली आणि बोट दाबल्यावर हलका ठसाच उमटू लागला, की ओला करून झटकलेला खराटा आडवा ओढा. रेषा पायवाटेच्या रुंदीच्या दिशेने.

सलग भरली असेल तर दर ३ ते ४ फुटांवर एक इंच खोल सांधा द्या. ताज्या मालात थापी आणि पट्टीने दाबून करा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कटरने कापा. कापायला त्याहून उशीर केला तर काँक्रीट आपली भेग आपणच शोधून घेतं.

खांबांच्या पायांत खड्ड्याच्या तळाशी सुटी माती राहू देऊ नका, ती काढून तळ ठोका. दीड फूट खोली मुरमात पुरते. काळी माती असेल तर खाली मुरूम लागेपर्यंत, निदान ३ फूट जा, आणि साहित्य त्याप्रमाणे वाढवा. माल वीतभर थरांनी टाका आणि प्रत्येक थर सळईने वीस-पंचवीस वेळा कोचा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. लोखंडी पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडला तर तो जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही असतात, तिथे गंजून काही वर्षांत खचतो. त्याऐवजी १२ एमएमचे चार बोल्ट साच्याच्या पट्टीला बांधून काँक्रीटमध्ये बसवा आणि वर प्लेट लावलेला जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप आवळा. पायाचा माथा मातीच्या दोन इंच वर आणि चारी बाजूंना उतरता ठेवा. वेल चढलेला मांडव वारं अडवतो, वळवाच्या वादळात सगळा ताण या बोल्टांवर येतो.

पाणी मारणं आणि हंगाम

पीपीसीला निदान १० दिवस, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात १४ दिवस पृष्ठभाग सतत ओला राहिला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणं म्हणजे सतत नाही, दुपारी बारा ते चार ती जागा ठणठणीत कोरडी असते आणि नुकसान तेव्हाच होतं. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की ओलं गोणपाट अंथरा आणि वर प्लॅस्टिक टाका. दुसऱ्या दिवसापासून मुरमाचे छोटे बांध घालून वाफे करा आणि त्यात इंचभर पाणी साठवून ठेवा, बागेला पाणी घालताना तिथेही पाइप फिरवला की झालं. फळ्या चोवीस तासांनी काढा, कडा फुटू देऊ नका. दोन दिवस कोणी चालू नये, कुंड्या आठवड्यानंतर, मांडव १० दिवसांनी.

मे महिन्यात करणं शक्य आहे, पण पुण्याची कोरडी हवा आणि दुपारचं वारं यांमुळे वरचं पाणी सुटण्याच्या वेगापेक्षा लवकर उडतं आणि तास-दोन तासांतच लांब तिरप्या भेगा उमटतात. माल अजून मऊ असेल तोवर अशा भेगा रंध्याने दाबून बुजतात, नंतर नाही. करायचंच असेल तर संध्याकाळी चारनंतर ओता, म्हणजे पुढची पूर्ण रात्र गार मिळते, आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री उभी करा. जून ते सप्टेंबर पाणी मारायची सोय आपोआप होते, पण ओतल्यावर पहिले पाच-सहा तास जोराचा पाऊस नको, तो वरचं सिमेंट धुऊन नेतो. ताडपत्री बांबूवर ताणून तयार ठेवा, थेट ओल्या मालावर टाकू नका. घाई नसेल तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. थंडीत माल धरायला वेळ लागतो, खराटा मारायला तासभर उशीर होईल, तेवढं धरून चाला.

पुढे पायवाटेवर बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागत राहिली तर पाणी जास्त झालं होतं किंवा वर पाणी असतानाच घासलं गेलं. सांध्यांच्या मध्येच एक रुंद भेग पडून एक बाजू खाली बसली तर दोष मुरमाचा, वरून सिमेंट भरून उपयोग नाही, तो चौकोन काढून खालचा भराव नीट करावा लागतो. कडेला दगड उघडे दिसले तर कोचणं कमी पडलं. खोल नसतील तर ओलं करून १:२ च्या गिलाव्याने फळ्या काढल्या त्याच दिवशी भरा.

ओल्या सिमेंटमध्ये उघड्या हातापायांनी काम करू नका. त्याने कातडी भाजते आणि ते काही तासांनंतर कळतं. रबरी हातमोजे आणि गमबूट वापरा, आणि कोरडं सिमेंट ओतताना तोंडावर मास्क ठेवा. हत्यारं आणि मिक्सर धुतलेलं पाणी वाफ्यात किंवा झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका. ते तीव्र अल्कधर्मी असतं आणि मुळं जाळतं. बागेपासून लांब एक खड्डा खणून त्यात ते सोडा, दोन दिवसांनी तळाशी बसलेला घट्ट गाळ उचलून राडारोड्यात टाका.